पाच किल्ल्यांची मागणी

चंद्रशेखर टिपणीसांच्या गाडीच्या दोन किल्ल्यांपैकी एक गेले दोन महिने बेपत्ता होती, आणि ही गोष्ट आपल्याशिवाय जगात कुणालाही ठाऊक नाही अशी त्यांची पक्की समजूत होती.

आता किल्ली हरवणं हा काही गुन्हा नव्हे. पण टिपणीस बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात भांडार शाखेत होते. टाचणीपासून टेबलापर्यंत जे काही आत येई आणि बाहेर जाई, त्याची नोंद टिपणीसांच्या सहीने होई. सव्वीस वर्षांत त्यांच्या शाखेतून साधी स्टॅम्प पॅडची डबीसुद्धा सहीशिवाय बाहेर पडली नव्हती. अशा माणसाने किल्ली हरवणं म्हणजे मास्तरांनीच पाढा चुकण्यासारखं होतं.

त्यातून ही किल्ली हरवली कशी, हे आणखी नाजूक प्रकरण. अडीच महिन्यांपूर्वी त्यांच्या पत्नीने, हेमांगीने, ड्रायव्हिंग लायसन्स काढलं आणि घरातली दुसरी किल्ली मागितली. त्यावर टिपणीस म्हणाले होते, "तुझ्याकडे नको. तू हरवशील." एवढं बोलून त्यांनी ती किल्ली स्वतःच्या ताब्यात, अत्यंत सुरक्षित जागी ठेवली. जागा इतकी सुरक्षित होती की पुढे ती त्यांनाही सापडेना. कपाट झालं, देव्हाऱ्याचा खण झाला, ऑफिसातली नऊ वर्षांच्या जुन्या फायलींची चळत झाली. दर रविवारी हेमांगी भाजी आणायला गेली की टिपणीस पलंगाखाली शिरत आणि ती आली की "झुरळ दिसलं" म्हणत बाहेर येत. कामोठ्याच्या त्यांच्या घरात तेवढ्या दोन महिन्यांत आठ झुरळं दिसली होती.

हे असंच चाललं असतं. पण बुधवारी रात्री जेवताना हेमांगी म्हणाली, "अहो, मला ती महाप्याची नोकरी मिळाली. सोमवारी जॉईन व्हायचंय."

चौदा वर्षांनी ती पुन्हा कामाला जाणार होती. मुलगी पुण्याला शिकायला गेल्यापासून तिने सात ठिकाणी अर्ज केले होते आणि सहा ठिकाणी तिला 'एवढी वर्षं काय करत होतात?' असं विचारून परत पाठवलं होतं. टिपणीसांना मनापासून आनंद झाला. तो त्यांनी आमटीची दुसरी वाटी मागून व्यक्त केला.

"कामोठ्याहून महाप्याला दोन बस आणि एक रिक्षा," हेमांगी पुढे म्हणाली. "पहिल्याच दिवशी उशीर नको. तुम्ही नाहीतरी पार्किंग मिळत नाही म्हणून ऑफिसला गाडी नेतच नाही. मी नेते. ती दुसरी किल्ली काढून ठेवा."

टिपणीसांनी वाटीतली आमटी उगाच ढवळली. आपली किल्ली तिला देऊन मोकळं होता आलं असतं, नाही असं नाही. पण मग दुसरी कुठाय, हा प्रश्न आलाच असता. आणि त्याचं उत्तर देण्यापेक्षा टिपणीसांनी नवीच किल्ली बनवायचं ठरवलं.

"देतो की," ते म्हणाले.

गुरुवारी ते कळंबोलीला सादिकच्या गॅरेजमध्ये गेले. सादिक पेणकडचा. त्याचे वडील टिपणीसांच्या वडिलांची स्कूटर दुरुस्त करत, त्यामुळे तो टिपणीसांना आदर देई, पण कामात सूट देत नसे.

"चावी बनेल ना साहेब," तो म्हणाला. "पण आजकाल नुसती घासून नाय चालत. चावीत चिप असते. मशीन लावून गाडीला सांगायला लागतं, की ही चावी तुझी. आरसी आणा, आधार आणा, आणि हरवल्याची पोलीस कम्प्लेंट आणा."

"कम्प्लेंट कशाला? तू मला ओळखत नाहीस?"

"तुम्हाला ओळखतो. पण रूल म्हणजे रूल. तुम्हीच आमच्या अब्बांना एक फॉर्म तीनदा भरायला लावलावता ना ऑफिसात?"

टिपणीसांनी विषय बदलला. घरी येऊन त्यांनी मोबाइलवर हरवलेल्या वस्तूची तक्रार भरायला घेतली. 'हरवल्याचे ठिकाण' हा रकाना सक्तीचा होता. त्यांनी 'अनिश्चित' लिहिलं, ते फॉर्मने घेतलं नाही. 'कार्यालय' लिहावं तर उद्या चौकशी साहेबांच्या टेबलावर. 'राहते घर' लिहावं तर चौकशी हेमांगीकडे. शेवटी 'प्रवासात' असं मोघम लिहून त्यांनी बटण दाबलं, आणि स्वयंपाकघरात हेमांगीचा फोन वाजला. कुठल्याही फॉर्मवर टिपणीस बायकोचाच नंबर देत. त्यामुळे आपल्याला फालतू फोन येत नाहीत, असा त्यांचा हिशेब होता.

"अहो, कसला ओटीपी आलाय? हरवलेल्या वस्तूची तक्रार म्हणे."

"फ्रॉड असेल! कुणाला सांगू नकोस!"

"मी कशाला सांगू?" हेमांगी म्हणाली आणि पुन्हा लसूण सोलायला लागली.

शुक्रवारी ऑफिसात टिपणीसांनी गाडीची जादा किल्ली कुठे बनते असं सहज विचारलं, तेव्हा त्यांचा सहकारी दत्तू मदतीला धावून आला. दत्तूचा मेहुणा महाप्याला गॅरेजची यंत्रं विकत असे. "साहेब, स्कॅनरच घ्या ना आणून," दत्तू म्हणाला. "शनिवार-रविवार ट्रायलला. प्रोफेशनल माल हाये. स्टेअरिंगच्या खाली एक सॉकेट असतो, त्यात पिन घालायची. गाडीच्या पोटातलं सगळं स्क्रीनवर. कोडिंग, प्रोग्रॅमिंग, चावी, काय पायजे ते. आणि कोरी चावीपण देतो एक, चिपवाली."

"मला जमेल?"

"साहेब, तुम्ही खरेदीचं नवं पोर्टल एकटे शिकलात. याच्यापुढे गाडी काय चीज आहे?"

टिपणीसांच्या दुखऱ्या अभिमानावर एवढी फुंकर पुरेशी होती. संध्याकाळी ते चलनावर सही करून निळ्या सुटकेसमधला स्कॅनर घेऊन आले. टॅबलेटच्या आकाराचा, कडेने जाड रबर लावलेला, सोबत वायरींचं भेंडोळं. रात्री त्यांनी अकरा व्हिडिओ पाहिले. त्यातले चार तमीळ होते, पण हातांच्या हालचाली कळत होत्या.

शनिवारी सकाळी हेमांगी ऑफिससाठी चपला घ्यायला बाहेर पडताच टिपणीस पार्किंगमध्ये उतरले. गाडीत बसताना नेहमीप्रमाणे त्यांचे गुडघे स्टेअरिंगवर आपटले. गेले दोन महिने सीट आपोआप पुढे सरकत होती. आरसा फिरलेला असे. पेट्रोल कुठे मुरत होतं कळत नव्हतं, आणि बातम्यांवर लावून ठेवलेला रेडिओ चालू केला की जुनी गाणी म्हणे. गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये काहीतरी गंभीर बिघडलंय, हे टिपणीसांनी केव्हाच ओळखलं होतं.

हा प्रकार त्यांनी एकदा हिरामणशेठ घरतांच्या कानावरही घातला होता. हिरामणशेठ तळमजल्यावर राहत. पूर्वी त्यांची इथेच भाताची खाचरं होती. आता त्याच जमिनीवरच्या पाच दुकानांचं भाडं घेत ते दिवसभर पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून असत. 

"शीट सरकते?" हिरामणशेठनी तेव्हा बराच वेळ गाडीकडे बघून सांगितलं होतं, "तुमच्या पार्किंगला उतार हाय, साहेब. गारीचं तोंड खाली हाय. शीट सरकनारच."

"आणि पेट्रोल?"

"उरून जातं. गरमी किती हाय!"

"आणि रेडिओ?"

यावर हिरामणशेठना अचानक खोकला आला होता आणि ते पाणी प्यायला आत गेले होते.

टिपणीसांनी पिन सॉकेटमध्ये घातली. स्क्रीन उजळला, सुईं असा आवाज झाला आणि यंत्राने गाडीतले सत्तावीस दोष लाल अक्षरांत मांडले. टिपणीस भारावून गेले. एवढ्या थोड्या वेळात एवढे आक्षेप त्यांच्या हयातीत ऑडिटवाल्यांनाही काढता आले नव्हते. त्यांनी वही उघडून सत्तावीसच्या सत्तावीस दोष अनुक्रमांक घालून उतरवून घेतले. मग कोडिंगचं पान उघडलं, आणि तिथे मात्र त्यांचा तोल सुटला. सीट बेल्ट लावला नाही की गाडी टूं टूं करते, ते त्यांनी बंद करून टाकलं. दार बंद केल्यावर दिवे दोनदा मिचकावतील अशी सोय केली. हॉर्नच्या बाबतीत त्यांनी नक्की काय केलं ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण तेव्हापासून गाडी रिव्हर्स घेतली की हॉर्न वाजायला लागला.

तोवर सोसायटीचे सेक्रेटरी हौसेराव येऊन उभे राहिले होते. हौसेराव सांगलीकडचे, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. सूचनाफलकावर रोज काही लागलं नाही तर त्यांना जेवण गोड लागत नसे.

"काय चाललंय टिपणीस?"

"सिस्टीम डायग्नॉसिस."

"आमच्या गाडीचं पण बघा की मग."

टिपणीसांनी उदार मनाने बघितलं. हौसेरावांच्या गाडीत एकतीस दोष निघाले. हौसेरावांचा चेहरा उतरला. "एकतीस? तुमच्यात किती?" त्यांनी विचारलं. सत्तावीस म्हटल्यावर ते तडक निघून गेले. दुपारी फलकावर नोटीस लागली, की पार्किंगमध्ये विनापरवाना तांत्रिक कामे करू नयेत.

रविवारी सकाळी हेमांगी माहेरी आईला भेटायला गेली, आणि टिपणीसांनी मुख्य कामाला हात घातला. एका हातात आपली रोजची किल्ली, दुसऱ्या हातात दत्तूच्या मेहुण्याने दिलेली कोरी. यंत्राने विचारलं, एकूण किती किल्ल्यांची नोंद करायची? कमाल मर्यादा पाच.

इथे जे घडलं त्यासाठी भांडार शाखेतली सव्वीस वर्षं समजून घ्यायला हवीत. सरकारी कार्यालयात दोन खुर्च्या हव्या असतील तर दोन मागणारा माणूस उभाच राहतो. पाच मागायच्या. मग वरिष्ठ त्यातली एक कापतात, वित्त शाखा दोन कापते, आणि दोन खुर्च्या येतात. ही रीत टिपणीसांच्या बोटांत इतकी मुरली होती, की घरी पाहुणे आले तरी ते हेमांगीला पाच कप सांगत आणि तीन आल्यावर समाधान पावत. यंत्राने मर्यादा पाच म्हटली आणि त्यांच्या बोटाने विचार न करता पाच दाबलं.

मग एक लाल सूचना आली: जुन्या सर्व किल्ल्यांची नोंद पुसली जाईल, पुढे जायचं का? छापील अटी टिपणीस कधी वाचत नसत. त्या त्यांनीच लिहिलेल्या असत, त्यामुळे त्यात काही अर्थ नसतो हे त्यांना माहीत होतं. त्यांनी 'होय' म्हटलं.

पहिली किल्ली लावली. 'एक नोंदली.' दुसरी लावली. 'दोन नोंदली.' टिपणीस हसले. मग यंत्राने म्हटलं, 'तिसरी किल्ली लावा.'

टिपणीस थांबले. यंत्रही थांबलं. त्यांनी मागे जायचं बटण दाबलं. 'प्रक्रिया अपूर्ण. तिसरी किल्ली लावा.' त्यांनी पिन उपटून परत घातली. 'तिसरी किल्ली लावा.' गाडी सुरू करायला गेले तर ती सुरू होईना, आणि दार उघडलं तर तिने असा काही भोंगा लावला, की तिसऱ्या मजल्यावरचं तान्हं बाळ जागं झालं. पाचच्या पाच किल्ल्या नोंदल्याशिवाय गाडी मालकाला ओळखायला तयार नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा टिपणीसांना असं कार्यालय भेटलं होतं, ज्याने त्यांची मागणी काटछाट न करता पूर्ण मंजूर केली होती.

"ब्याटरी कारा," हिरामणशेठ खुर्चीवरून म्हणाले.

बॅटरी काढली. अर्ध्या तासाने लावली. भोंगा आधी वाजला, मग यंत्र म्हणालं, 'तिसरी किल्ली लावा.' हौसेरावांनी ग्रुपवर लिहिलं, की काही सदस्यांच्या वाहनांमुळे ज्येष्ठांना त्रास होत असून सदर सदस्यांच्या गाडीतही सत्तावीस दोष असल्याचे समजते. त्याला अकरा जणांनी अंगठा दिला. त्यात एक अंगठा हेमांगीचा होता.

शेवटी हिरामणशेठनीच सादिकला फोन केला. सादिक चार वाजता आला. त्याने स्क्रीन पाहिला, टिपणीसांकडे पाहिलं, परत स्क्रीन पाहिला.

"पाच? साहेब, पाच चाव्या कशाला? एसटीचा डेपो काढताय?"

"चुकून दाबलं गेलं."

"आता हे रद्द नाय होत. कंपनीत टो करून न्यायला लागेल, ते चार दिवस ठेवतील. नायतर पाच चाव्या द्या त्याला." त्याने खिशातून दोन कोऱ्या किल्ल्या काढल्या. "या मॉडेलच्या दोनच होत्या माझ्याकडे. कम्प्लेंट नंतर द्या. आज रूल बाजूला, तुमचं तोंड बघवत नाय."

तिसरी नोंदली. चौथी नोंदली. 'पाचवी किल्ली लावा,' यंत्र म्हणालं. रविवारची संध्याकाळ. दुकानं बंद. दत्तूचा मेहुणा गावाला. टिपणीस मागचा दरवाजा उघडा ठेवून सीटच्या कडेला बसले. भोंगा वाजून वाजून आता घसा बसल्यासारखा आवाज काढत होता.

पहिल्यांदाच त्यांना किल्लीचा विसर पडला आणि उद्याची सकाळ दिसली. हेमांगीने इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेला ड्रेस, नव्या चपलांचा खोका, आणि डब्यात काय न्यायचं याची फ्रिजवर चिकटवलेली आठवड्याची यादी. सहा ठिकाणी 'नको' ऐकून सातव्या ठिकाणी तिला 'या' म्हटलं होतं, आणि पहिल्याच दिवशी ती घामाघूम होऊन उशिरा पोचणार होती. का, तर किल्ली आपण हरवली असं म्हणायची नवऱ्याला लाज वाटली. टिपणीसांना स्वतःची इतकी शरम याआधी कधी वाटली नव्हती.

गेटातून रिक्षा आत आली आणि हेमांगी उतरली. तिने भोंगा ऐकला, उघडी दारं पाहिली, वायरी पाहिल्या, आणि हातातली पिशवी हिरामणशेठच्या खुर्चीला टेकवली.

"हेमांगी," टिपणीस उभे राहिले. सादिक, हिरामणशेठ आणि वरच्या गॅलरीतून हौसेराव, सगळे ऐकत होते. "ती दुसरी किल्ली माझ्याकडून हरवली. दोन महिने झाले. तुला म्हणालो होतो तू हरवशील. तू आजवर घरातली एक गोष्ट हरवलेली नाहीस. मीच हरवली आणि लपवलं. नवी बनवायला गेलो आणि गाडीच बंद पाडली. उद्या तुला गाडी मिळणार नाही. माझं चुकलं."

हे सगळं एका दमात बोलून त्यांनी रुमालाने मान पुसली.

हेमांगीने त्यांच्याकडे क्षणभर बघितलं. मग तिने पर्स उघडली, आतला चेन लावलेला कप्पा उघडला, आणि किल्ली काढली. तिला एक लाल गोंडा बांधलेला होता.

"ही लावा," ती म्हणाली.

सादिकने ती हातातून घेऊन लावली. यंत्र जरा वेळ विचारात पडलं. 'पाच नोंदली. प्रक्रिया पूर्ण.' भोंगा बंद झाला. पार्किंग इतकं शांत झालं, की तिसऱ्या मजल्यावरच्या बाळाला पुन्हा जाग आली.

"ही... कुठे होती?"

"तुमच्या डब्याच्या पिशवीत. बाजूच्या खिशात. तुम्हीच ठेवली होतीत, पिशवी धुताना मिळाली."

"आणि तू सांगितलं नाहीस? मी पलंगाखाली..."

"मला वाटलं, विचारतील. आज विचारतील, उद्या विचारतील. तुम्ही एकदा जरी विचारलं असतं ना, हेमांगी किल्ली पाहिलीस का, तर लगेच हातात दिली असती. तुम्ही झुरळं शोधत बसलात."

 हळूहळू टिपणीसांची नजर पुढे सरकलेल्या सीटवर गेली, तिथून आरशावर, तिथून रेडिओवर, आणि शेवटी हिरामणशेठवर.

हिरामणशेठ खुर्चीतून अर्धवट उठले. "माज्याकर नका बगू साहेब. वयनी म्हनल्या, दुपारी शिकवा. मी शिकवला. दोन महिने, रोज, पनवेलपावत. रिव्हर्स एक नंबर घेतात. तुमच्यापेक्षा चांगल्या."

"पार्किंगला उतार आहे म्हणालात!"

"हाय ना उतार," हिरामणशेठ म्हणाले. "थोरासा हाय."

सोमवारी सकाळी आठ वाजता गाडी निघाली. बेलापूर महाप्याच्या वाटेवरच असल्याने टिपणीस डाव्या बाजूच्या सीटवर बसले होते. मांडीवर डब्याची पिशवी, मागच्या सीटवर निळी सुटकेस. स्कॅनर मेहुण्याकडे हेमांगीच पोचवणार होती, तिच्या ऑफिसपासून दुसऱ्या गल्लीत ते दुकान होतं.

"बेल्ट," हेमांगी म्हणाली. गाडी आता त्याबद्दल काही बोलत नव्हती, त्यामुळे ते काम तिच्यावर आलं होतं. टिपणीसांनी बेल्ट लावला. तिने रिव्हर्स टाकला, हॉर्न वाजला, हौसेराव गॅलरीत आले, आणि गाडी एका दमात गेटाबाहेर पडली. रेडिओवर जुनं गाणं लागलं होतं.

हायवेला लागल्यावर टिपणीस दोनदा 'सावकाश' म्हणाले. मग तिसऱ्यांदा म्हणायची गरज नाही हे त्यांच्या लक्षात आलं, आणि ते बाहेर बघत बसले. आपली बायको गाडी छान चालवते, हे त्यांनी बेलापूर येईपर्यंत तीन वेळा मनात म्हटलं आणि उतरताना एकदा मोठ्याने म्हटलं. हेमांगी एवढी लाजली, की तिने इंडिकेटरच्या जागी वायपर लावला.

ऑफिसच्या फाटकाशी तिने पर्स उघडली. पाचही किल्ल्या तिच्याकडे होत्या. त्यातली एक काढून तिने त्यांच्या हातावर ठेवली.

"ही तुमची. असू द्या."

टिपणीसांनी किल्ली दोन्ही हातांनी घेतली. आता मात्र त्यांना कसलीही हयगय करायची नव्हती. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, नीट विचार केला, आणि अत्यंत सुरक्षित जागा म्हणून ती डब्याच्या पिशवीच्या बाजूच्या खिशात घातली.

हेमांगीने ते पाहिलं.  तिने फक्त आरसा सारखा केला आणि महाप्याच्या दिशेने गाडी काढली.